झेड खाली सरकतोय म्हणून लगेच कंट्रोलर बदलू नका, आधी डायल लावा

नाशिकच्या सातपूरच्या एका भावाने विचारलंय की घरी बनवलेल्या सीएनसी राउटरचं (कॉम्प्युटरवरून चालणारं लाकूड कोरायचं मशीन) इलेक्ट्रॉनिक्स अपग्रेड करायचंय, वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवलेत, तर कंट्रोलर, म्हणजे मोटरींना हुकूम देणारा बोर्ड, कुठला घेऊ: मॅक३ या पीसी सॉफ्टवेअरचा यूएसबी बोर्ड घेऊ, ईएसपी३२ चिपवाला घेऊ का सरळ डीएसपी (पीसीशिवाय हातातल्या रिमोटवर चालणारा) घेऊ. मशीन ६०० बाय ९०० चं आहे, १६०५ बॉलस्क्रू (फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा), ३ अँपिअरच्या नेमा २३ स्टेपर मोटरी (छोट्या स्टेपमध्ये फिरणाऱ्या), टीबी६६०० ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा) १६ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका स्टेपचे १६ भाग, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), अर्डुइनो उनो बोर्डवर जीआरबीएल १.१ हे कंट्रोल सॉफ्टवेअर, आणि टूल फिरवणारा २.२ किलोवॅटचा वॉटर कूल स्पिंडल व्हीएफडीवर (त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह). काम देवघराच्या एमडीएफ जाळ्या आणि सागवानात थ्रीडी कोरीव. त्रास असा की तास-दोन तासांच्या कोरीवकामात झेड (वर-खाली अक्ष) हळूहळू खाली जातो, एक्स (आडवा अक्ष) मधेच कधीतरी सरकतो, आणि स्पिंडल चालू केला की कधीकधी लॅपटॉपचं कनेक्शन तुटतं. एक्स-वायचा रॅपिड, म्हणजे न कापता पळायचा वेग, मिनिटाला ४००० मिमी ठेवलाय असंही लिहिलंय.

मी अंबडला पॅनल वायरिंग आणि जुन्या मशीनच्या रेट्रोफिटची कामं करतो, त्यामुळे असं वर्णन नेहमी कानावर पडतं. माझं मत सरळ सांगतो, हा प्रश्न "कुठला कंट्रोलर घेऊ" हा नाहीच आहे. तुम्ही तीन वेगळे त्रास सांगितलेत आणि तिघांची कारणं बहुतेक वेगळी निघतील, नवा बोर्ड टाकला तर त्यातला फार तर एक जाईल आणि बाकीचे दोन नव्या बोर्डावर जसेच्या तसे येतील, मग तुम्हाला वाटेल बोर्डच खराब निघाला. बोर्ड बदलूच नका असं म्हणत नाहीये, पण तो सगळ्यात शेवटी.

पहिलं काम इलेक्ट्रॉनिक्सचं पण नाही. झेड खाली जातो म्हणता तेव्हा खरंच झेड खाली जातोय का टूल कोलेटमधून (टूल पकडणाऱ्या चिमट्यातून) बाहेर येतंय ते बघा. अपकट स्पायरल टूल मटेरियलमधून स्वतःलाच खाली ओढत असतं आणि ईआर२० चा कोलेट जुना झाला असेल, आत एमडीएफची पावडर बसली असेल किंवा नट हलका आवळला असेल तर टूल मिलिमीटर-दीड मिलिमीटर आरामात खाली येतं. टूल लावल्यावर नटच्या अगदी काठाला मार्करने रेघ मारा आणि जॉब संपल्यावर बघा रेघ नटपासून लांब गेलीय का. तशीच रेघ प्रत्येक कपलिंगवर मारा, मोटरच्या शाफ्टवरून कपलिंगवर आणि कपलिंगवरून स्क्रूवर सलग. ग्रब स्क्रू सैल असेल तर रेघ तुटलेली दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे आणि यात सापडलं तर तुमचे पैसे वाचले.

रेघा जागेवर असतील तर मग डायल (बारीक सरक मोजायचं घड्याळ) आणा. मॅग्नेटिक बेस आणि ०.०१ ची डायल, नसेल तर कुठल्याही टूलरूमवाल्या मित्राकडून दोन दिवस आणा, नाशकात हे मिळायला अडचण नाही. आता तीन टेस्ट करायच्या आणि क्रम मोडायचा नाही. पहिली, स्पिंडल आणि व्हीएफडी पूर्ण बंद, मेनपासूनच बंद. झेड ५ मिमी खाली-वर १००० वेळा असा छोटा प्रोग्राम लिहा, मग डायल बघा. तसंच एक्स आणि वाय २०० मिमी पुढे-मागे ५० वेळा फुल रॅपिडने. दुसरी टेस्ट हीच, पण स्पिंडल हवेत चालू ठेवून. तिसरी प्रत्यक्ष कापताना. पहिलीत चूक आली तर दोष ड्रायव्हर, सप्लाय, सेटिंग किंवा मेकॅनिकलमध्ये. पहिली स्वच्छ आणि दुसरीत आली तर नॉइज आणि अर्थिंग. दोन्ही स्वच्छ आणि फक्त तिसरीत आली तर मशीनवर लोड जास्त पडतोय, फीड किंवा कटची खोली कमी करा.

आणि नुसतं चूक आली का नाही एवढंच बघू नका, किती आली ते लिहून ठेवा, कारण आकडा खूप काही सांगतो. स्टेपर मोटर लोडमुळे सटकते तेव्हा ती एका स्टेपने सटकत नाही, ४ फुल स्टेपच्या पटीत सटकते, कारण तेवढं गेल्यावरच रोटरचे दात पुन्हा जुळतात. २०० स्टेपची मोटर आणि ५ मिमी पिचचा स्क्रू असेल तर ४ फुल स्टेप म्हणजे ०.१ मिमी. म्हणजे तुमची चूक ०.१, ०.२, ०.५ अशी ०.१ च्या पटीत येत असेल तर मोटर अडखळतेय. चूक जर अशी कुठल्या पटीत न बसता हळूहळू वाढतेय, ५०० वेळांना निम्मी आणि १००० ला पूर्ण, तर ती पल्सच्या पातळीवरची आहे, आणि मला तुमच्या झेडबद्दल हाच संशय आहे.

तो का येतो ते जरा सविस्तर सांगतो कारण थ्रीडी कोरीव करणाऱ्या कितीतरी जणांना हे छळतं आणि ते उगाच मोटर बदलत बसतात. ड्रायव्हरला दोन सिग्नल जातात, पल्स (एक पल्स म्हणजे एक मायक्रोस्टेप) आणि डिरेक्शन (कुठल्या दिशेला). डिरेक्शन पल्सच्या आधी पोचून स्थिर व्हायला पाहिजे, डीएम५४२ सारख्या ड्रायव्हरला ५ मायक्रोसेकंद आधी लागतं. बऱ्याच स्वस्त ड्रायव्हरमध्ये पल्सला फास्ट ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारा भाग) असतो पण डिरेक्शनला साधा ८१७, तो ढिला, आणि त्यात चालू व्हायला कमी वेळ घेतो आणि बंद व्हायला जास्त. जीआरबीएल डिरेक्शन बदलून लगेच पल्स देतं. मग एका बाजूला वळताना ठीक, पण दुसऱ्या बाजूला वळताना पहिला पल्स पोचतो तेव्हा ड्रायव्हर अजून जुन्याच दिशेत असतो. तो पल्स उलट्या दिशेला जातो, म्हणजे दर खाली-वर जोडीमागे दोन मायक्रोस्टेपचा फरक पडतो आणि तो कायम एकाच बाजूला. तुमचं १६ मायक्रोस्टेप म्हणजे फेऱ्याला ३२०० पल्स, भागिले ५ म्हणजे ६४० पल्स प्रति मिमी. १००० जोड्या झाल्या की २००० भागिले ६४०, तीन मिमीच्या वर. जाळी कापताना झेड शे-दोनशे वेळाच खाली-वर होतो म्हणून कळत नाही, गणपतीच्या चेहऱ्याचं रिलीफ करताना हजारो वेळा होतो म्हणून तिथेच रडगाणं.

याचा उपाय फुकट आहे. आधी जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $२=७ करून बघा, त्याने पल्स उलटा होतो आणि ड्रायव्हर पल्सच्या दुसऱ्या कडेवर चालतो, तेवढ्या वेळात डिरेक्शन स्थिर होतं. $० म्हणजे पल्सची रुंदी १० मायक्रोसेकंद आहे ना तेही बघा. वायरिंग कॉमन प्लस आहे का कॉमन मायनस यावर कुठली कड बरोबर ते ठरतं, म्हणून बदल केला की पुन्हा तीच १००० ची टेस्ट लावायची, अंदाजावर सोडायचं नाही. एवढ्याने नाही गेलं तर जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्टेप पल्स डिले नावाची ओळ कॉमेंट करून ठेवलेली असते, ती चालू करून पुन्हा अपलोड करा.

आता एक्स. इथे तुमचाच आकडा बोलतोय. ४००० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ६६.६ मिमी, गुणिले ६४०, म्हणजे ४२ हजारांच्या वर पल्स सेकंदाला. उनोवरचं जीआरबीएल ३० हजारांपर्यंतचं आहे. म्हणजे तुमच्या सेटिंगला फार तर २८०० चा रॅपिड मिळू शकतो, त्याच्या वर तुम्ही उनोकडून होणार नाही ते मागताय. इथे कोणी म्हणेल बघा, बोर्ड कमी पडतोच आहे, ईएसपी३२ घ्या. पण ड्रायव्हरचा डिप स्विच १६ वरून ८ वर टाका आणि $१०० ते $१०२ (पल्स प्रति मिमी) निम्मे, म्हणजे ३२० करा. पल्स २१ हजारांवर आले. एक पल्स ०.००३ मिमीचा झाला, लाकडात त्याच्यापेक्षा बारीक काही दिसतही नाही आणि टिकतही नाही, सागवान पावसाळ्यात त्याच्या कितीतरी पट फुगतं.

एवढं करूनही एक्सची चूक ०.१ च्या पटीत येत असेल तर मग सप्लाय आणि ड्रायव्हर, आणि खर्च करायची पहिली जागा मी हीच धरतो. मोटर थांबलेली असताना २४ व्होल्टवर पण घट्ट धरते, त्यामुळे हाताने फिरवून बघितलं की वाटतं ताकद भरपूर आहे. पण वेग वाढला की कॉइलमध्ये करंट चढायला वेळच मिळत नाही, चढायच्या आत दिशा बदलते, आणि टॉर्क गळतो. व्होल्टेज जास्त असेल तर करंट लवकर चढतो. मोटरच्या स्टिकरवर किंवा डेटाशीटमध्ये इंडक्टन्स मिलिहेन्रीत दिलेला असतो, त्याचं वर्गमूळ काढून ३२ ने गुणा, त्याच्या वर व्होल्टेज न्यायचं नाही असा ढोबळ नियम आहे. २.२५ मिलिहेन्री असेल तर वर्गमूळ दीड, म्हणजे ४८. टीबी६६०० ची कमाल ४२ व्होल्ट लिहिलेली असते पण त्याला मी तिकडे नेणार नाही. डीएम५४२ चालतो ५० व्होल्टपर्यंत, त्याला ३६ चा सप्लाय द्या. ४८ चा एसएमपीएस देऊ नका, कारण मोटर जोरात थांबते तेव्हा ती उलट व्होल्टेज सप्लायवर ढकलते आणि वरची जागा मोकळी लागते. ३ अँपिअरच्या मोटरला डीएम५४२ वर २.८४ ची सेटिंग ठेवा. अजून एक, त्या टीबी६६०० ना पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे मध्ये काय होतं ते बघा. बाहेर ४० डिग्री, बंद पेटीत त्याहून जास्त, हीटसिंकवर एमडीएफच्या पावडरचा थर, ड्रायव्हर गरम होऊन क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा चालू होतो. मोटरीने मधेच हात सोडला असं दिसतं. पेटीला फिल्टरवाला फॅन लावा आणि फिल्टर दर आठवड्याला झटका.

ड्रायव्हर बदलताना एक जपा, सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू-घालू नका, ड्रायव्हर त्याच क्षणी जाऊ शकतो. कनेक्टर ढिला असेल तरी हेच होतं, म्हणून एव्हिएशन प्लगची सोल्डरिंग नीट बघा.

आता स्पिंडल चालू केल्यावर लॅपटॉप तुटण्याचं. हा नॉइज आहे, आणि यात जिवाचा प्रश्न पण आहे म्हणून इथे घाई नको. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, कनेक्शन तुटणं थांबलं तर चार्जरच्या अर्थमधून लूप होतोय. मग सॉकेटचं अर्थिंग मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ ६०-७०-१०० असं काहीतरी तरंगत दाखवत असेल तर तिसऱ्या पिनला काही जोडलेलंच नाही. मल्टीमीटरवर बरोबर दिसलं म्हणजे अर्थ चांगलाच असंही नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो, वायरमनकडून करून घ्या. आपल्याकडे खाली काळा कातळ, दोन-तीन फुटांवर रॉड थांबतो, तेवढ्यावरच माती लोटून देतात आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ शॉर्ट मारून देतात आणि म्हणतात झालं अर्थिंग. ते असेल तर आजच काढा. कुठे न्यूट्रल तुटला तर मशीनची सगळी बॉडी लाइव्ह होते, आणि तुमचा तर वॉटर कूल स्पिंडल आहे, शेजारी पाण्याची बादली आणि पंप.

स्पिंडलच्या प्लगला चार पिना असतात, तीन फेजच्या, चौथी अर्थची समजून आपण वायर जोडतो. बऱ्याच स्पिंडलमध्ये ती चौथी पिन आत बॉडीला जोडलेलीच नसते. व्हीएफडी बंद करून दहा मिनिटं थांबा, त्याचे कपॅसिटर उतरू द्या, मग प्लग काढून मल्टीमीटरच्या बीपवर चौथी पिन आणि स्पिंडलची बॉडी तपासा. बीप नाही आला तर बॉडीच्या क्लॅम्पला वेगळी जाड अर्थ वायर टाका आणि ती व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला न्या. स्पिंडलची केबल चार कोरची शील्डेड घ्या, शील्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थला नीट आवळा, आणि लिमिट स्विचच्या (अक्षाचं टोक ओळखणाऱ्या) वायरी तिच्यापासून लांब, दुसऱ्या ड्रॅग चेनमधून. क्रॉस करावी लागलीच तर काटकोनात. व्हीएफडी ड्रायव्हरच्या पेटीत ठेवू नका. त्याची कॅरियर फ्रिक्वेन्सी थोडी कमी केली तरी नॉइज कमी होतो, स्पिंडलचा आवाज जरा बदलेल तेवढंच. यूएसबी केबल छोटी, दोन्ही टोकांना फेराइट.

लिमिट स्विच तुम्ही कसे जोडलेत ते लिहिलं नाहीये. एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा संपर्क) मध्ये जोडा, वायर तुटली तर मशीन थांबेल. उनोचा आतला पुलअप (पिनला ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) फार कमजोर, लांब वायरीवर तो नॉइजला टिकत नाही, त्यामुळे स्विचची लाइन २४ व्होल्टवर चालवून ऑप्टोकपलरमधून उनोला द्यायची, हा पक्का इलाज. तात्पुरतं पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आणि उनोवर बसणारा सीएनसी शील्ड व्ही३ बोर्ड असेल तर त्यावर झेड लिमिट लिहिलेल्या जागी जीआरबीएल १.१ चा झेड लिमिट येत नाही, तो स्पिंडल इनेबल लिहिलेल्या पिनवर येतो, तेही बघून घ्या.

इमर्जन्सी बटण उनोच्या रिसेट पिनवर असेल तर ते पुरेसं नाही. कॉन्टॅक्टर (मोठा रिले) टाकून ड्रायव्हरच्या सप्लायचा एसी आणि व्हीएफडीचा इनपुट दोन्ही त्याने तोडा. व्हीएफडी आणि स्पिंडलच्या मधे मात्र कॉन्टॅक्टर नको, चालू असताना तोडलं तर व्हीएफडी उडतो. स्पिंडल बटण दाबल्यावरही थोडा वेळ फिरत राहणारच, त्यामुळे हात लांब ठेवायची सवय मुलांनाही लावा.

हे सगळं झाल्यावर कंट्रोलर. बदलायला खरी कारणं कुठली म्हणाल तर, चौथा अ‍ॅक्सिस लावून देवघराचे खांब कोरायचेत, कारण उनोवरचं जीआरबीएल तीनच अ‍ॅक्सिस चालवतं. किंवा वायला दोन मोटरी आहेत आणि होमिंगला (मशीन सुरुवातीची जागा शोधतं तेव्हा) त्या वेगवेगळ्या थांबून गॅन्ट्री (वरचा आडवा पूल) काटकोनात यायला हवी. किंवा लॅपटॉपवरून सुटका हवी. यात तुम्हाला काय हवं त्यावर निवड. स्वतः खुडबुड करायची आवड असेल, आणि प्रश्नावरून तसं दिसतंय, तर ईएसपी३२ वर फ्लुइडएनसी हे सॉफ्टवेअर छान आहे, सगळी सेटिंग एका टेक्स्ट फाइलमध्ये, डिरेक्शन डिले पण त्यातच देता येतो, प्रोग्राम एसडी कार्डवरून चालतो म्हणजे यूएसबी तुटायचा प्रश्नच मिटला. फक्त बोर्ड असा घ्या ज्यावर ५ व्होल्टचे बफर आउटपुट आणि ऑप्टो इनपुट आधीच आहेत. नुसत्या ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची, डीएम५४२ चा ५ व्होल्टचा ऑप्टो तिच्यावर कसाबसा चालतो, आणि कसंबसं चाललेलं एक दिवस नेमकं ऑर्डरच्या पीसवर बंद पडतं. ७४एचसीटी२४५ ही बफर चिप मधे टाकली की काम पक्कं.

मशीनवर उद्या कामाला माणूस बसणार असेल तर डीएसपी. आपल्याकडच्या लाकूडकामाच्या राउटरवर तोच सर्रास दिसतो, कारागीर त्याला सरावलेले असतात, बिघडला तर विचारायला माणूस मिळतो. मॅक३ मी आज नव्याने कोणाला सुचवत नाही, त्याचं डेव्हलपमेंट कधीच थांबलंय, आणि यूएसबी बोर्डांचे प्लगइन एकेका बोर्डाचे वेगळे, होमिंग-प्रोबिंग कुठल्यात नीट चालेल हे घेतल्याशिवाय कळत नाही. लिनक्ससीएनसी आणि मेसाचं कार्ड हे माझं आवडतं, पण ते ऑटो टूल चेंजर किंवा फीडबॅकवाले सर्वो असतील तेव्हा, तुमच्या जाळ्यांना त्याची गरज नाही.

तुमच्या पैशांत मी आधी तीन डीएम५४२, वायला दोन मोटरी असतील तर चार, ३६ व्होल्टचा सप्लाय, शील्डेड केबल आणि अर्थिंगचं काम बसवेन, आणि उरले तर बोर्ड. पण त्याआधी मोटरच्या स्टिकरचा फोटो टाका, ड्रायव्हरच्या वायरिंगचा एक, आणि पहिल्या दोन टेस्टचे डायलचे आकडे लिहा, झेडचे ५०० आणि १००० दोन्ही वेळचे. झेडचा आकडा तीनच्या आसपास आला तर बाजारात जायच्या आधी $२ बदलून बघा.